घंगाळाचे मठार धाग्यात उतरवले त्याची गोष्ट

गेल्या वर्षी नणंदेच्या मुलाची मुंज ठरली आणि तिचा फोन आला, वहिनी मला पंधरा कापडी पिशव्या हव्यात, बायकांना द्यायला, एम्ब्रॉयडरी तूच करायचीस, पण मोर नको, कोयरी नको, कमळ नको, ते सगळीकडे मिळतं, आपल्या घरातलं काहीतरी काढ. आपल्या घरातलं म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर पहिलं काय आलं असेल तर सासूबाईंचं घंगाळ. तांब्याचं, दोन्ही बाजूंना पितळी कड्या, आणि अंगभर मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी. दिवाळीत चिंच लावून घासलं की अंगणात ठेवायचे ते उन्हात, आणि त्यावरचा एकेक ठोका वेगवेगळा चमकायचा. मी लगेच हो म्हणून टाकलं. घंगाळाचा आकार काढणं काय अवघड आहे, एक पसरट वाडगा आणि दोन कड्या. पण त्या आकाराला मठार नसेल तर ते घंगाळ दिसतच नाही, कढई दिसते. सगळा जीव त्या ठोक्यांत आहे आणि ते ठोके धाग्यात आणायला मला जवळजवळ सात आठवडे लागले, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशव्यांच्या काळापासून तिथे तांबटांची वस्ती. भांडं आकाराला आलं की त्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक ठोके मारत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. नुसती शोभा नाही ती, ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, कडक होतो, भांड्याला सहज पोचा पडत नाही. माझं माहेर तिथून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे लहानपणी सकाळची झोप त्या आवाजानंच मोडायची, एका घरातून टक टक टक आणि मधेच दुसऱ्या घरातून जरा जाड आवाजाची टक टक. आता आवाज फार कमी झालाय, पण आहे.

माझ्याकडे घरगुती मशीन आहे, फ्रेम 100 बाय 100 मिलिमीटरची, म्हणजे डिझाइन त्याच्या आतच बसवायचं. सुरुवातीला मी स्वतः पंचिंग, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल तयार करणं, करायचा विचारच केला नव्हता. ब्लाउजवरची डिझाइनं मी तयार फाइली घेऊन करते, फार तर नावं-बिवं स्वतः टाकते. म्हणून घंगाळाचा फोटो बाजारातल्या एका पंचिंगवाल्याला दिला. त्यानी दोन दिवसांत फाइल दिली. उघडून बघते तर चौदा हजार टाके, आणि मठार म्हणून तपकिरी रंगाचे गोल गोल ठिपके तांब्याच्या रंगावर वरून शिवलेले. शिवून बघितलं, तर कापड तिथे पापडासारखं कडक झालं आणि भांड्याला पुरळ उठल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं दादा हे ठिपके वेगळ्या रंगात नकोत, एकाच धाग्यात खोलगट दिसलं पाहिजे, तर म्हणाला फाइल डीएसटी आहे आता त्यात काही बदलता येत नाही, नवीन पंच करावं लागेल, नवीन पैसे. त्याचं डीएसटीबद्दलचं म्हणणं खरं होतं हे मला नंतर कळलं. डीएसटी फाइलमध्ये नुसती सुईची हालचाल असते, इथून तिथे इतके दशांश मिलिमीटर सरक, इथे थांब, बस. त्यात गोल, भरण, कोन असं काही शिल्लकच राहत नाही, रंगसुद्धा नाही. त्यामुळे कुणाकडूनही पंचिंग करून घेतलंत तर मशीनच्या फाइलबरोबर सॉफ्टवेअरची मूळ फाइलपण मागून घ्या, आधीच ठरवून घ्या. मी ते केलं नव्हतं.

मग ठरवलं की स्वतःच करायचं. पीई-डिझाइन हे पंचिंगचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं, मैत्रिणीकडून रीतसर घेतलेलं, पण नाव टाकण्यापलीकडे वापरलेलं नव्हतं. त्यात एक स्टॅम्पचं टूल आहे, ठसा म्हणूया आपण, आणि ठसे तयार करायला सोबत वेगळा प्रोग्राम येतो, प्रोग्रामेबल स्टिच क्रिएटर नावाचा. विलकॉम या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणारे यालाच कार्व्हिंग स्टॅम्प म्हणतात, तिथे पद्धत वेगळी आहे पण मुळातली कल्पना एकच.

ती कल्पना आधी नीट समजून घ्यायला हवी, मी घेतली नव्हती म्हणून पहिले तीन आठवडे गेले. भरीव भरण असतं ना, ज्याला तातामी म्हणतात, त्यात मशीन एकाशेजारी एक ओळी घालत जातं. दोन ओळींतलं अंतर साधारण 0.4 मिलिमीटर, एकेक टाका तीन-चार मिलिमीटरचा. प्रत्येक ओळीत सुई खाली जायची जागा जरा पुढेमागे सरकवलेली असते, त्यामुळे भोकं एका रेषेत येत नाहीत आणि भरण सपाट, एकसारखं दिसतं. आता समजा तुम्ही मुद्दाम सगळ्या ओळींची भोकं एका रेषेवर आणलीत, तर तिथे धागा दबतो आणि बारीक चर पडते. म्हणजे रंग तोच, धागा तोच, थरही एकच, फक्त सुई कुठे खाली जाते ते बदललं की नक्षी दिसायला लागते. ठसा हेच करतो. तुम्ही रेष काढलीत तर त्या रेषेवर सुई खाली जाते. बंद आकार काढून आत लाल रंग भरलात तर ते एनग्रेव्ह, आत सगळे बारीक बारीक टाके येतात, तो भाग दबलेला दिसतो. निळा भरलात तर ते एम्बॉस, आत सुई खालीच जात नाही, धागा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोकळा तरंगत जातो आणि तो भाग उठून दिसतो. वरून जादा टाके काही नाहीत, त्यामुळे कापड कडक होत नाही. त्या पंचिंगवाल्याच्या ठिपक्यांच्या फाइलीत आणि यात हाच फरक.

पहिला प्रयत्न मी सोपा केला. एकच गोल काढला आणि तो ठसा म्हणून न वापरता पूर्ण भरणाचा पॅटर्न म्हणून लावला, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप सगळ्या घंगाळभर तो गोल ओळीत मांडतं, एक ओळ अर्ध्यानं सरकवायचीही सोय आहे. स्क्रीनवर इतकं सुंदर दिसलं की मी नणंदेला फोटोपण पाठवला. शिवल्यावर ते बाथरूमच्या फरशीसारखं दिसलं. घंगाळ गोल असतं, पोटाला फुगीर, काठाकडे वळलेलं, आणि हे गोल मात्र सरळ सपाट, काठाला आले की अर्धे कापलेले. भांड्याला पोटच राहिलं नाही. शिवाय स्क्रीनवरच्या प्रीव्ह्यूत उजेड नेहमी एकाच बाजूनी पडलेला दाखवतात, खऱ्या कापडावर तसं होत नाही, त्यामुळे टेक्स्चरच्या बाबतीत प्रीव्ह्यूवर अजिबात विसंबू नका, छोटा तुकडा शिवूनच बघा.

तेव्हा मी घंगाळच काढलं माळ्यावरून. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच केलं, घंगाळाच्या पोटावर पातळ कागद धरून सहा-बी पेन्सिल आडवी घासली. आणि मला जे दिसलं ते मी इतकी वर्षं ते भांडं घासूनही कधी बघितलं नव्हतं. एकही मठार पूर्ण गोल नाही. शेजारच्या ठोक्यानी त्याची कड थोडी खाल्लेली असते, त्यामुळे कुठे पाच बाजू, कुठे सहा बाजू, गोलसर पण दबलेल्या. ओळी आडव्या फिरतात आणि प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या खाचेत बसते, विटांसारखी. पट्टी लावली तर पोटावरचे ठोके सहा-सात मिलिमीटर, काठाजवळ जरा बारीक.

आता गणित आलं. घंगाळ खरं आहे जवळजवळ 45 सेंटिमीटर रुंद आणि माझ्या फ्रेममध्ये मी काढत होते साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे पाचपटीहून लहान. त्याच मापानं मठार लहान केले तर ते दीड मिलिमीटरच्या आत येतात. ओळींतलं अंतर 0.4, म्हणजे एका मठाराला धाग्याच्या तीन-साडेतीन ओळी. त्यात आकार दिसणार कसा? मी शिवून बघितलं तरी, नुसतं खरखरीत कापड झालं, चहा सांडलेल्या गोणपाटासारखं. मग चढत्या मापानी ठसे शिवले, दोन, तीन, चार, पाच, सहा मिलिमीटर, एकाच पट्टीवर. चार मिलिमीटरला दहा ओळी मिळतात आणि तिथून पुढे डोळ्याला आकार कळायला लागतो. म्हणून ठरवलं, पोटावर पाच, वर काठाकडे चार. खऱ्यापेक्षा खूप मोठे आणि खूप कमी ठोके, पण बघणाऱ्याला मठारच वाटतात. ही दोन ते सहाची पट्टी मी अजून मशीनला टाचून ठेवलीय, कुठलाही ठसा करायचा झाला की आधी तिच्याशी ताडून बघते.

ठसे मी तीन तऱ्हेचे काढले, घासलेल्या कागदावरूनच, तिन्ही थोडे वेगवेगळ्या वाकड्या बाजूंचे. क्रिएटरमध्ये एक गोष्ट सांभाळायची, आकाराची रेष पूर्ण बंद पाहिजे, एखाद्या कोपऱ्यात फट राहिली की आत रंग भरलाच जात नाही, आणि मग आपण उगीच सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. मग घंगाळाच्या भरणावर ते एकेक करून ठेवत गेले. आपोआप काही नाही, एक ठसा, थोडा फिरवला, दुसरा ठसा, थोडा फिरवला. नव्वदच्या आसपास ठसे बसले. दोन दुपारी गेल्या त्यात, पण खरं सांगते, त्या दोन दुपारी मला फार आवडल्या. ओळीनी ठोके मारत जाणाऱ्या माणसाचं काम काय असतं त्याची थोडी कल्पना आली, शेजारचा ठोका बघितल्याशिवाय पुढचा मारताच येत नाही.

आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली. मठार म्हणजे खड्डा, खड्डा म्हणजे खोल, खोल म्हणजे एनग्रेव्ह. असा सरळ हिशोब करून मी सगळ्या ठशांत लाल भरला. शिवून झालं, फ्रेममधून काढलं, आणि ते भांडं आजारी दिसत होतं. आकार बरोबर, ओळी बरोबर, पण प्रत्येक मठार मळकट, काळपट. चमक सगळी मठारांच्या मधल्या जागेत. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, घासायचं राहिलंय का गं याचं?

त्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते. मग घंगाळ परत खिडकीत नेलं, सकाळच्या उन्हात, आणि नुसतं बघत बसले. ठोका खोल असतो हे खरं, पण हातोडीचं तोंड गुळगुळीत असल्यामुळे ठोक्याचा तळ आरशासारखा होतो. चमकतो तो खड्डा! काळपट दिसते ती दोन खड्ड्यांच्या मधली बारीक उंच कड. हाताला जे खोल लागतं ते डोळ्याला उजळ दिसतं. आणि धाग्यात उजेड कुठे असतो? लांब, मोकळ्या टाक्यात. जिथे सुई वारंवार खाली जाते तिथे धागा मोडतो आणि त्याबरोबर उजेडही मोडतो, तो भाग मंद होतो. म्हणजे मला सगळं उलट करायला हवं होतं, मठार एम्बॉस आणि मधली जागा बारीक टाक्यांची. कापडावर ते मठार खड्डे नसून उलट किंचित वर आलेले असतील, पण दिसतील खड्डेच.

तिन्ही ठसे उघडले, लालचा निळा केला, परत लावले, मधल्या भरणाची टाक्याची लांबी दोन मिलिमीटर केली. शिवायला लावलं आणि मशीनसमोरून उठलेच नाही. खालून दुसरी ओळ मठारांची पूर्ण झाली तेव्हाच मला कळलं की आता जमलं. ट्यूबलाइटमध्ये एकेक मठार वेगळा उजळत होता. मुलीला हाक मारून दाखवलं, तिनी कापड हातात धरून हलवून बघितलं आणि म्हणाली आई हे हलतंय.

पण धागा तुटायला लागला. तिसऱ्या ओळीपासून दर मिनिटाला. आधी वाटलं सुई बोथट झाली, बदलली, 75/11 नवीन घातली, तरी तेच. मग सिम्युलेटरमध्ये टाका टाका करत बघितलं तर जिथे दोन ठसे एकमेकांना चिकटले होते तिथे मधे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान टाके पडत होते. सुई त्याच त्याच भोकात जात होती, धागा कातरला जात होता, खाली गुंता. मी खऱ्या भांड्यासारखे ठोके अगदी खेटून ठेवले होते ना, म्हणून. धाग्याला ते चालत नाही. प्रत्येक दोन ठशांत निदान एक मिलिमीटर जागा सोडली आणि मशीनचा वेग मिनिटाला 600 वरून 400 वर आणला, तेव्हापासून एका पिशवीत फार तर एकदा धागा तुटला असेल. हीच अडचण गोलाच्या अगदी वरच्या आणि खालच्या टोकालाही येते, तिथे टाका एकदम छोटा होतो, म्हणून ठशाचा वरचा-खालचा भाग मी जरा चपटा केला. मठार नाहीतरी पूर्ण गोल नसतातच.

मधल्या काळात तांब्याच्या रंगाची मेटॅलिक जरीपण लावून बघितली, म्हटलं खरं तांबं दिसेल. 90 ची सुई घातली, वेग आणखी कमी केला, तरी त्या बारीक टाक्यांच्या जागी जरीचं आवरण सोलून निघायचं. आणि दिसायलाही ती सगळीकडूनच चमकते, मठार आणि मधली जागा दोन्ही, मग फरकच उरत नाही. साधा 40 नंबरचा रेयॉन, तांबूस-नारिंगी, तोच सगळ्यात चांगला निघाला. पॉलिएस्टर धुवायला टिकाऊ असतो हे मान्य, पण त्याची चमक जरा कोरडी वाटते मला.

धाग्याची दिशा हा एक मोठा विषय आहे आणि लोक त्याकडे फार कमी लक्ष देतात. तोच धागा आडवा घातला आणि उभा घातला तर दोन वेगळे रंग वाटतात. मी आडवा, तिरपा, उभा असे तीन तुकडे शिवून दारावर टांगले आणि दिवसभर येता जाता बघितले. पिशवी हातात किंवा खुंटीला लटकत असते आणि उजेड बहुतेक वेळा वरून येतो. आडव्या धाग्यावर तो वरून पडलेला उजेड सरळ आपल्या डोळ्यात येतो, उभ्या धाग्यावर आलाच नाही, ते घंगाळ जुनं विटकरी दिसलं. पण अगदी आडवा ठेवला तर धाग्याच्या ओळी आणि मठारांच्या ओळी समांतर होतात आणि मधे पट्टे दिसतात. पंधरा अंशाचा कोन दिला, पट्टे गेले.

आता पोट. भांडं फुगीर दिसायला मला सावली वगैरे काही घालायची नव्हती, एकाच धाग्यात करायचं होतं. परत घंगाळाकडेच गेले. समोरून बघितलं तर मधले मठार गोल दिसतात आणि कडेला जाता जाता ते बाजूनी दाबले जातात, उभट, बारीक होतात. मग कडेसाठी दोन वेगळे ठसे काढले, एक थोडा अंडाकृती, एक जास्तच, तीन मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना तो बारीक, त्याच्या आत मधला, आणि मधोमध गोल. ओळीसुद्धा सरळ न ठेवता मधे किंचित खाली झुकलेल्या. इतक्यानं जे पोट आलं भांड्याला! एक रंग, एक थर, आणि ते वळतंय. मला वाटतं या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त आनंद त्या कडेच्या बारीक ठशांनी दिला.

कापडाचं सांगायचं तर पिशव्यांना मी इचलकरंजीचं जाड सुती कापड घेतलं, न रंगवलेलं. खाली आधाराला नॉन-वोवन पेपरचे दोन थर, फाडून काढायचा नाही, कापायचा. टेक्स्चरच्या कामात कापड फ्रेममध्ये अगदी डफासारखं ताणलेलं पाहिजे, जरा सैल राहिलं की मोकळे टाके कापडाला आत ओढतात आणि मठारांभोवती सुरकुत्या येतात. अंडर सोइंग, म्हणजे खालचं अस्तराचं शिवण, ते मी आधी जाड ठेवलं होतं आणि त्यानी वरचा उठाव मारला जात होता, अख्खं भांडं गादीसारखं व्हायचं. पूर्ण काढून टाकलं तर मोकळ्या टाक्यांखालून पांढरं कापड डोकावतं. शेवटी एकच हलका थर ठेवला, वरच्या धाग्याला काटकोनात. भांडं रुंदीत आक्रसायचं, म्हणजे काठाची सॅटिनची, म्हणजे खेटून घातलेल्या आडव्या टाक्यांची पट्टी आणि भरण यात बाजूला फट दिसायची, त्यासाठी पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे आक्रसणं धरून आकार आधीच थोडा रुंद करायची सोय, 0.3 मिलिमीटर दिलं. आणि वरचं टेन्शन थोडं सैल केलं, नाहीतर मठाराच्या कडेला बॉबिनचा पांढरा धागा ठिपक्यासारखा वर येतो, तांबूस रंगावर तो लगेच दिसतो.

एक पिशवी मी मुद्दाम पाच वेळा वॉशिंग मशीनमध्ये धुतली, जीन्सबरोबर. पाच मिलिमीटरचे मोकळे टाके जसेच्या तसे राहिले. एका नमुन्यावर मी हौसेनं सात-आठ मिलिमीटरचे मठार केले होते, फार सुंदर चमकायचे, पण त्यातले चार-पाच धागे ओढले गेले, आणि बांगडीत अडकतात ते वेगळंच. म्हणून रोज वापरायच्या वस्तूवर पाचाच्या पुढे जाऊ नये असं माझं मत झालंय, भिंतीवरच्या फ्रेमसाठी करणार असाल तर करा. इस्त्री उलट्या बाजूनी, खाली जाड टॉवेल ठेवून. सुलट बाजूनी केली तर सगळी मेहनत सपाट होते.

शेवटच्या फाइलीत साडेपाच हजारच्या जरा आत टाके आले, कड्यांचा पिवळा धागा धरून. चौदा हजारच्या त्या पहिल्या फाइलीशी तुलना करा. एका पिशवीला शिवायला चौदा-पंधरा मिनिटं, फ्रेम लावणं, धागा बदलणं धरून अर्धा तास. पंधरा पिशव्या चार दिवसांत झाल्या, मुंजीच्या आधी तीन दिवस. आणखी एक सांगायचं राहिलं, नणंदेला मधेच वाटलं की एक छोटं घंगाळ पाकिटांवरपण घेऊ, निम्म्या मापाचं. तयार फाइल मशीनवरच छोटी करून दे म्हणाली. तसं होत नाही. तयार टाके छोटे केले की मठार ते दोन-अडीच मिलिमीटरचे होतात आणि परत गोणपाट. निम्म्या मापाला ठसे तेवढेच मोठे ठेवून संख्या कमी करावी लागते, म्हणजे परत नव्यानं मांडणी. मी पाकिटांवर नुसती एक कडी आणि त्यामागे मठारांचा एक तुकडा केला, बारा ठशांचा, आणि तो पिशवीपेक्षाही छान दिसला.

मुंज झाल्यावर एक पिशवी घेऊन मी तांबट आळीत गेले. माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक काका आहेत तिथे, सत्तरीच्या पुढचे, अजून बसतात कामाला. मी म्हटलं काका, बघा हं जरा, मठार केलेत मी. त्यांनी हात पुसले, पिशवी घेतली, दाराच्या उजेडात नेली, तिरपी केली, सरळ केली, परत तिरपी केली, जसं ते भांडं बघतात तसं. नखानं एक मठार चाचपला. म्हणाले, "हे वर आलंय की."

मी म्हटलं हो काका, धाग्यात वर आणल्याशिवाय चमकत नाही. त्यांनी मान हलवली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटानं काठाखालची ओळ दाखवली. "ताई, ही ओळ इथे संपवलीत तुम्ही. काठाच्या वळणावर ठोका अर्धाच पडतो, पण पडतो. सोडत नाही आम्ही." मी जिथे जागा उरत नाही म्हणून शेवटची ओळ घातलीच नव्हती, बरोबर तिथे त्यांचं बोट होतं. मग त्यांनी शेजारचं एक घंगाळ पालथं घातलं आणि बूड दाखवलं, तिथे मठार आडव्या ओळीत नसतात, मधल्या एका ठोक्यापासून सुरू होऊन गोल गोल फिरत बाहेर येतात, आणि मधला तो पहिला ठोका सगळ्यांत हलका. मी कागद आणि पेन्सिल पर्समध्ये घेऊनच गेले होते, तिथेच बसून बुडावर घासून घेतलं.

काठाची अर्ध्या ठोक्यांची ओळ परवा घातली, अर्धा ठसा वेगळा काढून, अकरा बसले. बुडाचं काम चालू आहे, त्याला आडवं भरण चालत नाही, मधून बाहेर जाणारं रेडियल भरण घेतलंय, आणि मधोमध सगळे टाके एका बिंदूला येऊन तिथे गाठ होतेय, म्हणून मधला पहिला मठार सध्या मोकळी जागा ठेवून नंतर वेगळा शिवते आहे.